वाइडचा ग्रुप फोटो अल्बममध्ये सॉफ्ट, टेलीचा फोकस हातातून निसटलेला: मॅन्युअल फोकसच्या दोन तक्रारी, दोन वेगळे उपाय

लग्नसराई आटोपून अल्बम छापून आले की जळगाव, अमळनेर, धुळे, शहाद्याकडच्या फोटोग्राफर मंडळींची एक तक्रार हमखास कानावर येते. "भाऊ, टेली बरोबर येस, वाइडच का बरं बिघडस?" वाइड म्हणजे रुंद दृश्य घेणारी लेन्स, टेली म्हणजे दूरचं जवळ आणणारी. स्टेजवरचा ग्रुप कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एकदम कडक दिसला होता. बारा बाय छत्तीस इंचांच्या पानावर मात्र आजोबांचा चेहरा मऊ निघाला आणि मागच्या पडद्यावरची झालर धारदार. हिवाळ्यात हतनूरच्या बॅकवॉटरला पक्ष्यांमागे जाणारे नेमकं उलटं सांगतात. चांगदेवाचं देऊळ वाइडने छान येतं, पण तीनशे मिलिमीटरच्या टेलीवर चक्रवाक काही केल्या शार्प मिळत नाही. डोळ्याला शार्प दिसतो आणि बटण दाबेपर्यंत गेलेला असतो.

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, आणि दोन्हींवर लोक एकच इलाज करत राहतात: डोळे ताणून लेन्सवरची फोकस रिंग अजून हळू फिरवायची. त्याने वाइडचं दुखणं जात नाही आणि टेलीचंही नाही. वाइडमध्ये चूक झालेली दिसतच नाही. टेलीमध्ये चूक लख्ख दिसते, पण सापडलेली बरोबर जागा टिकत नाही. एकीकडे अडचण बघण्याची आहे, दुसरीकडे धरून ठेवण्याची. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

ऑटोफोकस असताना हाताने फोकस करायचाच कशाला, असं कोणी विचारेल. काठीच्या राजवाडी होळीला पहाटेच्या अंधारात धूर आणि ज्वाळा यांच्यामध्ये नाचणारी माणसं टिपायची असतील तर ऑटोफोकस पुढे-मागे शोधत बसतो. तोरणमाळला आकाशगंगेचा फोटो घ्यायचा तर तो हातच वर करतो. हळदीच्या मांडवात झेंडूच्या माळा मध्ये आल्या की तो माळ पकडतो, नवरी सोडतो. व्हिडिओत तर त्याची धडपड कायमची रेकॉर्ड होते. शिवाय जुन्या स्टुडिओच्या कपाटातून निघालेल्या मॅन्युअल लेन्स आता अ‍ॅडॉप्टर, म्हणजे मधली जोडकडी, लावून पुन्हा वापरात येत आहेत. त्यांना ऑटोफोकस नाहीच.

लेन्सला दोष देण्याआधी

तीन गोष्टी बघून घ्या. व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक बारीक चाक असतं, त्याला डायऑप्टर म्हणतात. कॅमेरा बॅगेत घासून ते हमखास फिरतं. लेन्सकडे लक्ष न देता व्ह्यूफाइंडरच्या खालच्या पट्टीवरचे आकडे बघा आणि ते स्वच्छ दिसेपर्यंत चाक फिरवा. चष्मा लावून फोटो काढत असाल तर चष्मा लावूनच. हे चुकलेलं असेल तर डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून लेन्समधलं दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, तुम्ही समोरच्या दृश्याचा फोकस धूसर काचेतून ठरवत असता आणि दोष रिंगेवर जातो.

दुसरं, लेन्सवरचा स्विच एमएफवर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर, आहे ना? जुन्या साध्या १८-५५ किट लेन्सवर स्विच एएफवर (ऑटोफोकसवर) ठेवून पुढची रिंग जबरदस्तीने फिरवली की आतल्या गिअरवर ताण येतो. तिसरं नव्या लेन्सबद्दल. मिररलेसच्या, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्याच्या, बहुतेक लेन्स आणि डीएसएलआरच्या स्टेपिंग मोटरवाल्या लेन्स यांची फोकस रिंग काचेला थेट जोडलेली नसते. रिंग नुसता इशारा देते, काच मोटर सरकवते. कॅमेरा झोपला की रिंग फिरवून काही होत नाही. बंद करून चालू केला की अनेक लेन्स आधीची जागा विसरतात. फोकस लावून ठेवला, बॅटरी वाचवायला कॅमेरा बंद केला, वरात आल्यावर चालू केला आणि सगळे फोटो गेले, असं झालं असेल तर कारण हेच. अशा लेन्सवर फोकस लावल्यावर कॅमेरा बंद करू नका, आणि मेनूमधला आपोआप झोपायचा वेळ वाढवून ठेवा.

वाइड: स्क्रीनवर कडक, कागदावर मऊ

आधी मोठेपणाचा हिशेब बघू. कॅमेऱ्यात चित्र टिपणारा फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. कॅमेऱ्याची मागची स्क्रीन साधारण ६० मिलिमीटर रुंद. म्हणजे स्क्रीनवर तुम्ही सेन्सरवरचं चित्र दुप्पटही मोठं करून बघत नाही. तोच फोटो ३६ इंच रुंदीच्या अल्बमच्या जोडपानावर गेला की पंचवीस पट मोठा होतो. त्याहून लहान, क्रॉप सेन्सरचा असेल तर चाळीस पटीच्या आसपास. दुपटीत जी चूक लपते ती पंचवीस पटीत उघडी पडते. वाइडमध्ये हे जास्त जाणवतं, कारण माणसाचा चेहरा मुळातच फ्रेममध्ये लहान असतो. १८ मिलिमीटरवर चार मीटरवरचा चेहरा साध्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. त्यातली पापणी शार्प आहे की नाही, हे कितीही तयार डोळ्याला कळणार नाही.

डेप्थ ऑफ फील्डची, म्हणजे फोकसच्या पुढे-मागे किती अंतर शार्प येतं त्याची, जी कोष्टकं आणि अ‍ॅप आहेत तीही इथे दगा देतात. फुल फ्रेमसाठी ती बहुधा ०.०३ मिलिमीटरचा ठिपका "शार्प" धरतात. हा आकडा आठ-दहा इंचांचा प्रिंट हातात धरून बघण्याच्या हिशेबाचा आहे. २४ मिलिमीटर लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ/८, तर हायपरफोकल डिस्टन्स २.४ मीटर येतं: फोकस २.४ मीटरवर ठेवा, १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालेल. पण पंचवीस पट मोठं केल्यावर तो ०.०३ चा ठिपका पाऊण मिलिमीटरचा होतो. अल्बम लोक मांडीवर घेऊन बघतात, त्यांना तो दिसतो. म्हणून अल्बमच्या कामाला ठिपका निम्मा धरा, म्हणजे हायपरफोकल दुप्पट होतं, ४.८ मीटर. माझा आग्रह असा की माणसं असतील तिथे हायपरफोकलच्या भरवशावर राहूच नका. फोकस माणसांवरच लावा. हायपरफोकल डोंगर, किल्ला, घाट यांच्यासाठी ठेवा.

आता रिंगेकडे या. बऱ्याच वाइड लेन्सवर दीड मीटरपासून अनंतापर्यंतचं सगळं अंतर रिंगेच्या बोटभर फिरण्यात संपतं. २४ मिलिमीटर लेन्सला अनंतावरून ३ मीटरवर यायला सेन्सरपासून जेमतेम ०.१९ मिलिमीटर पुढे सरकावं लागतं. २०० मिलिमीटरच्या लेन्सला त्याच कामासाठी १४ मिलिमीटर. आधुनिक लेन्समध्ये आतलेच काचगट सरकतात, त्यामुळे आकडे बदलतात, पण वाइडला कमी आणि टेलीला जास्त हे तसंच राहतं. समजा लेन्स २४ मिलिमीटर आहे, स्टेज साडेतीन मीटरवर आहे, अ‍ॅपर्चर एफ/४ आहे, आणि रिंग चुकून दीड मीटरवर राहिली. कोष्टकाच्या सैल हिशेबानेही सव्वादोन मीटरच्या आतच शार्पपणा संपतो. व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र स्टेज ठीकच दिसतं. तीच रिंग साडेतीनवर असती तर दोन मीटरपासून जवळजवळ तेरा मीटरपर्यंत जागा मिळाली असती. वाइडमध्ये जागा भरपूर असते, फक्त फोकस योग्य ठिकाणी पाहिजे. "वाइडला फोकस काय बघायचा, सगळंच येतं" हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे.

उपाय असा. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं थेट दृश्य, लावा आणि भिंगाचं बटण दाबून पाचपट, मग दहापट मोठं करा. चेहऱ्यावर नव्हे, चेहऱ्याच्याच अंतरावरच्या करकरीत कडेवर फोकस लावा: चष्म्याची दांडी, साडीच्या काठाची जर, फेट्याची कड. रिंग मुद्दाम पलीकडे न्या, मऊ झालं की परत फिरवा, अलीकडे मऊ झालं की मधली जागा धरा. उन्हात स्क्रीन दिसत नसेल तर डोक्यावरून रुमाल घ्या, लाज कसली? मिररलेस असेल तर व्ह्यूफाइंडरमध्येच मोठं करून बघता येतं. शार्प कडा दाखवणाऱ्या पीकिंगच्या रंगीत रेषांवर वाइडमध्ये विसंबू नका. त्या कॉन्ट्रास्ट बघून लागतात, आणि वाइडमध्ये पहिल्या रांगेपासून मंडपाच्या झालरीपर्यंत सगळीकडे एकदम लागतात. टेलीवर तीच पीकिंग फार कामाची आहे, कारण तिथे रेष अगदी बारीक पट्टीत येते.

यात एक जुनी युक्ती आडवी येते, ती नीट समजून घ्या. झूम पुढे नेऊन ७० वर फोकस लावायचा आणि मग मागे २४ वर येऊन फोटो काढायचा. शूटिंगवाली मंडळी पूर्वापार असंच करत आली, आणि त्यांच्या व्हिडिओ लेन्सवर ते बरोबरच होतं, कारण त्या लेन्समध्ये झूम बदललं तरी फोकस जागेवर राहतो. आजच्या फोटोच्या बहुतेक झूम लेन्समध्ये तो राहत नाही. ७० वर बरोबर असलेला फोकस २४ वर आल्यावर सरकतो, आणि वाइडमध्ये ते दिसत नाही. वाइडवर काढायचा फोटो वाइडवरच फोकस करायचा.

दुसरी सवय मध्यभागी फोकस लावून फ्रेम फिरवायची. २४ मिलिमीटरवर माणूस फ्रेमच्या कडेला नेलात तर तो मध्यापासून पस्तीस अंशांच्या आसपास सरकतो, आणि फोकसच्या पातळीपर्यंतचं अंतर जवळजवळ अठरा टक्क्यांनी बदलतं. फोकस त्याच्या मागे जातो. २०० मिलिमीटरवर फ्रेमचा कोपराही मध्यापासून फक्त सहा अंशांवर असतो, म्हणून तिथे हीच सवय निभावून जाते. वाइडमध्ये फ्रेम आधी लावा, भिंगाची चौकट त्या माणसावर नेऊन तिथेच मोठं करून बघा.

खुर्च्यांची चाचणी

लेन्सवर अंतराचे आकडे छापलेले असतील तर ते एकदा तपासून घ्या. मॅन्युअल वाइड लेन्सवर ते पुष्कळदा चुकीचे असतात. मी नेहमी मंडपाच्या प्लास्टिक खुर्च्यांवर तपासतो. आपल्याकडे मंडपवाल्याचं नाव खुर्चीच्या पाठीवर ऑइल पेंटने रंगवलेलं असतं, त्याहून चांगलं फोकसचं लक्ष्य नाही. हॉल रिकामा असताना पाठी कॅमेऱ्याकडे करून खुर्च्या तिरक्या रांगेत मांडा, म्हणजे एकीच्या आड दुसरी येणार नाही. पहिली एक मीटरवर, पुढची दोनवर, मग तीन, चार, सहा. टेपने मोजा, फरशीच्या अंदाजाने नको. मोजणी सेन्सरपासून करायची. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला आडवी रेघ मारलेला छोटा गोल असतो, तिथे सेन्सरची पातळी आहे. ट्रायपॉड लावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, रिंग छापील तीन मीटरवर ठेवा, फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करून बघा. "श्री" ची वेलांटी कुठल्या खुर्चीवर सगळ्यात धारदार आली? चौथ्या खुर्चीवर आली तर तुमच्या लेन्सचे "तीन" म्हणजे चार मीटर.

मग रिंगेवर मास्किंग टेपची बारीक पट्टी चिकटवा आणि स्वतःच्या खुणा करा: दोन, तीन, पाच, अनंत. किट लेन्सवर आकडेच नसतात, तिथे या पट्टीशिवाय गत्यंतर नाही. मात्र झूम लेन्सवर खुणा ज्या झूमवर केल्या तिथेच खऱ्या, आणि इशाऱ्यावर चालणाऱ्या रिंगेवर त्यांचा उपयोग नाही.

या खुणांचं चीज गर्दीत होतं. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावात श्रीरामाचा रथ निघतो. गल्ली अरुंद, माणसं खांद्याला खांदा लावून, मोगरी (चाकाखालचा लाकडी ठोकळा) लावणारे चाकाच्या पुढ्यात, कॅमेरा डोळ्याला लावायलाही जागा नाही. तिथे क्रॉप सेन्सरवर १८ मिलिमीटर, एफ/८, रिंग दोन मीटरच्या खुणेवर. सैल हिशेबाने एक मीटरपासून पुढे सगळं चालतं, आणि दीड ते साडेतीन मीटरमधली माणसं अल्बमच्या कडक हिशेबातही बसतात. कॅमेरा डोक्यावर धरून फोटो काढत जा. हात लांब करून समोरच्या माणसाला जेमतेम पोचतो इतपत जवळ कोणी आलं तर एक पाऊल मागे. ऑटोफोकसच्या आधी फोटो पडलेला असतो.

ताऱ्यांसाठी एवढंच सांगतो: रिंग अनंताच्या टोकाला नेऊन ठेवू नका. ऑटोफोकसच्या बहुतेक लेन्स अनंताच्या थोड्या पलीकडेही फिरतात. काच आणि धातू तापमानाने प्रसरण पावतात, त्यासाठी ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. लाइव्ह व्ह्यूमध्ये ठळक तारा किंवा गुरू दहापट मोठा करा, तो सगळ्यात लहान ठिपका होईल तिथे थांबा, रिंग टेपने बांधा. तोरणमाळला रात्र चढेल तशी थंडी वाढते, मध्यरात्रीनंतर पुन्हा एकदा तपासा.

अ‍ॅडॉप्टरवरची जुनी लेन्स

हे दुखणं अलीकडे फार वाढलंय, म्हणून थोडं थांबतो. एम४२ चुडीची (आट्यांची) जुनी लेन्स तिच्या माउंटपासून, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या कडेपासून, फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर धरून बनवलेली आहे. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिलिमीटर आहे, म्हणजे अ‍ॅडॉप्टरला जवळपास दीड मिलिमीटर जागा मिळते आणि अनंत गाठता येतो. निकॉनच्या एफ माउंटमध्ये अंतर ४६.५ मिलिमीटर. इथे लेन्स आधीच एक मिलिमीटर जास्त पुढे राहते. आता बघा, त्या एका मिलिमीटरने काय होतं: १३५ मिलिमीटरची टेली सतरा-अठरा मीटरच्या पलीकडे फोकस करू शकत नाही, पण अंगणातलं पोर्ट्रेट छान देते. २८ मिलिमीटरची वाइड मात्र पाऊण मीटरच्या पुढे आंधळी होते. लेन्स बिघडली म्हणून लोक ती परत देतात, आणि लेन्स ठणठणीत असते.

अ‍ॅडॉप्टर बरोबर मापाचा वाटला तरी स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये केसभर फरक असतोच. टेलीला तो जाणवत नाही, कारण तिची रिंग तेवढं सहज भरून काढते. वाइडमध्ये वर सांगितलेल्या ०.१९ मिलिमीटरमध्ये सगळा खेळ आहे. तिथे केसभर फरकाने एक तर अनंत मिळत नाही, नाहीतर अनंत भलत्याच आकड्यावर येतो. मिररलेससाठी अ‍ॅडॉप्टर बनवणारे बऱ्याचदा तो मुद्दाम किंचित आखूड ठेवतात, म्हणजे अनंत नक्की मिळेल. मग लेन्सवरचे आकडे काही कामाचे राहत नाहीत. खुर्च्यांची चाचणी लेन्स आणि अ‍ॅडॉप्टर अशा जोडीची करा, आणि ती जोडी मोडू नका.

टेली: सापडतो आणि सुटतो

एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच बघतो, म्हणून लेन्स जेवढी लांब तेवढी फोकसची चूक डोळ्यापुढे मोठी होऊन येते. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांचं उलट होतं. त्यांची अंतर जुळवायची यंत्रणा लेन्स कुठलीही लावा, तेवढ्याच बारकाईने मोजायची. म्हणून वाइडवर ते उत्तम आणि १३५ मिलिमीटरच्या पुढे ते सहसा जातच नसत. तेव्हा टेलीवर डोळ्यावर विश्वास ठेवा. तिथे सांभाळायचं ते दुसरंच.

२०० मिलिमीटर, एफ/२.८, नवरी पाच मीटरवर. शार्प पट्टी सगळी मिळून दहा सेंटिमीटर, अल्बमच्या हिशेबाने पाचच. हळद लावायला मावशी पुढे येते, नवरी गाल पुढे करते, झाली दहा सेंटिमीटरची हालचाल. तुम्ही रिंग फिरवून तिच्या मागे लागलात तर कायम एक पाऊल मागेच राहाल. रिंग सोडा. फोकस एकदा डोळ्यांवर लावा, कोपर बरगडीला टेकवा, आणि ती पुढे आली तर तुम्ही कमरेतून तेवढेच मागे झुका. माणसाचं शरीर पाच सेंटिमीटर मागे-पुढे फार अचूक हलतं, बोटाने रिंगेवर तेवढं साधत नाही. पापणी करकरीत दिसली की बटण. डावा हात लेन्सच्या खालून, वजन तळव्यावर, रिंग अंगठा आणि तर्जनीने. वरून पकडलेली लेन्स फोकस करताना डुलते.

एक छोटी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. लेन्समध्ये थरथर आवरणारा स्टॅबिलायझर असेल तर फोकस मॅन्युअल असतानाही शटर अर्धं दाबून धरा. बऱ्याच लेन्समध्ये त्याने चित्र स्थिर होतं आणि तीनशेवर डोळा फोकस नीट पकडू शकतो. ट्रायपॉडवर असाल तर रिंगेवरून हात काढल्यावर लेन्स हलायची थांबेपर्यंत थांबा, दोन सेकंदांचा टायमर लावा. लांब लेन्सला कॉलर, म्हणजे ट्रायपॉडला जोडायची कडी, असेल तर ट्रायपॉड कॉलरला लावा, कॅमेऱ्याला नको.

जुन्या टेलीच्या रिंगेत थोडी ढिलाई येते. चुडी झिजलेली किंवा आतलं ग्रीस सुकलेलं असतं. दिशा बदलली की सुरुवातीला रिंग फिरते, काच हलत नाही. अशा लेन्सवर शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने ठेवा, जवळून दूर किंवा दुरून जवळ, काय हाताला बसेल ते.

पळत्या विषयामागे टेलीवर हाताने जायचंच नाही, त्याला आपल्या जागेवर येऊ द्यायचं. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत घोडे धावतात तेव्हा २०० मिलिमीटर, एफ/४ वर वीस मीटरवरची एखादी खूण निवडा, मातीतला दगड, कुंपणाचा खांब. तिथे मोठं करून फोकस लावा आणि रिंगेला हात लावू नका. शार्प पट्टी सैल हिशेबाने सव्वादोन-अडीच मीटर, कडक हिशेबाने सव्वा मीटर. घोडा सेकंदाला दहा मीटर येत असेल तर तो त्या सव्वा मीटरमधून सेकंदाच्या आठव्या भागात निघून जातो. म्हणून खुणेच्या दोन ढांगा आधीच बर्स्ट, म्हणजे सलग फोटो, सुरू करा. पाच-सहा फ्रेममधली एक बहुधा सापडते, आणि डोळा, नाकपुडी, लगाम सगळं त्यात असतं. घोडा आडवा जात असेल तर काम आणखी सोपं, कारण अंतर फारसं बदलत नाही.

हतनूरला चक्रवाक वीस मीटरवर असेल आणि क्रॉप सेन्सरवर ३०० मिलिमीटर, एफ/५.६ लावली असेल तर शार्प पट्टी एक मीटरच्या आसपास. पक्षी त्यात सहज मावतो. फोटो तरीही मऊ येत असेल तर फोकसवरून नजर काढा आणि शटर स्पीड बघा, लेन्सच्या पुढचा फिल्टर बघा. स्वस्त यूव्ही फिल्टरची काच नीट सपाट नसते. वाइडवर ती खपून जाते, तीनशेवर शार्पपणा खाते. फिल्टर काढून एक फोटो काढा, शंका फिटेल.

मे महिन्यातली टेली

आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दोन गोष्टी घडतात. उन्हात तापलेल्या टेलीचा अनंत जागा सोडतो. सकाळी टेपने केलेली खूण दुपारी खरी राहत नाही. लेन्सवर ओलसर नव्हे, कोरडा पांढरा पंचा टाकून ठेवा आणि फोकस दरवेळी डोळ्याने लावा.

दुसरी गोष्ट हवेची. तापलेल्या काळ्या जमिनीवरून, डांबरी रस्त्यावरून हवा थरथरत वर येते. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करा: कड एका क्षणी धारदार, दुसऱ्या क्षणी वितळलेली, आणि रिंग न फिरवताही हे चालूच राहतं, तर हा फोकसचा दोष नाही. कुठलीही लेन्स, कितीही महागडी, यावर उपाय नाही. अंतर कमी करा, किंवा पाण्यावरून, हिरव्या केळीच्या बागेवरून नजर जाईल अशी जागा घ्या, किंवा सकाळी आठच्या आत काम उरका. वाइडने त्याच दुपारी लळिंगचा किल्ला स्वच्छ येतो, म्हणून टेली खराब आहे असं समजून ती विकायला काढणारे मी पाहिले आहेत. थांबा, पहाटे एकदा बघा.

एवढं करूनही एक बाजू मऊ

सपाट भिंत घ्या, विटांची असेल तर उत्तम. कॅमेरा भिंतीला समांतर, ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. मधोमध भिंगाने फोकस लावून एक फोटो काढा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव तो, वाइडमध्ये फोकसची पातळी बशीसारखी वाकलेली असू शकते. ग्रुप फोटोला एफ/५.६ किंवा एफ/८ वापरा आणि रांग थोडी कमानीत उभी करून बघा. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, तिथे विवर्तनाने, म्हणजे बारीक भोकातून प्रकाश पसरल्याने, सगळंच मऊ होऊ लागतं.

पण डावा कोपरा धारदार आणि उजवा कायम मऊ असेल, तर कॅमेरा उलटा धरून तोच फोटो पुन्हा घ्या. मऊ बाजू भिंतीच्या त्याच विटांवर राहिली तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता. कॅमेऱ्याबरोबर ती दुसऱ्या बाजूला गेली तर लेन्समधली काच तिरकी झाली आहे किंवा माउंट वाकलं आहे. पडलेल्या, बॅगेसकट आपटलेल्या लेन्समध्ये हे होतं. रिंगेने ते दुरुस्त होत नाही. दुरुस्तीला देताना "फोकस होत नाही" एवढंच सांगू नका. भिंतीचे दोन्ही फोटो, सरळ आणि उलटे धरलेले, मोबाईलमध्ये नको, पेन ड्राइव्हवर मूळ फाइलसकट द्या, आणि मऊ बाजू कोणती ते कागदावर लिहून लेन्सच्या डबीत ठेवा.